अतिथी आणि गिऱ्हाईक

प्रवासाहून परतलेल्या मनुष्याने देवळे, डोंगर आणि समुद्र यांविषयी बोलावे, जेवणाविषयी बोलू नये, असा एक संकेत सुशिक्षित समाजात रूढ आहे. अन्नाला नावे ठेवू नयेत, ही शिकवण तर आपणांपैकी प्रत्येकास पहिल्या घासाबरोबरच मिळालेली असते. ती आम्हांस मान्य आहे. परंतु अन्नाला नावे ठेवणे वेगळे आणि अन्न वाढणाऱ्याच्या शब्दाचा हिशेब मागणे वेगळे. करपलेली पोळी मुकाट्याने खाणे हा सभ्यपणा होय. पण पोळीत काय घातले आहे असे विचारल्यावर कोणी खोटे सांगितले, तर तेथे गप्प बसण्यास सभ्यपणा म्हणता यावयाचे नाही. ग्रीस देशात आमच्या पदरी जी निराशा आली ती या दुसऱ्या प्रकारची होती. म्हणून ती वाचकांपुढे मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. त्याच्या आग्रहावरून आम्ही, आमची पत्नी व आमच्या मातोश्री असे तिघे एका वसंत ऋतूत युरोपास गेलो. निघण्यापूर्वी मातोश्रींनी एकच अट घातली : लंडन-पॅरिस राहिले तरी चालेल, पण अथेन्स पाहावयाचे. त्यांनी ३० वर्षे शाळेत इतिहास शिकविला. सॉक्रेटिसाने विषाचा पेला जेथे घेतला ते शहर आणि पेरिक्लिसच्या काळी ज्या टेकडीवर पार्थेनॉन उभे राहिले ती टेकडी फळ्यावर नकाशा काढून त्यांनी किती पिढ्यांना दाखविली असेल, याची गणती नाही. शिवाय ग्रीक लोक आपणांस अगदीच परके नव्हेत, असे त्यांचे म्हणणे. आपल्या जुन्या ग्रंथांतील 'यवन' हा शब्द आयोनिया या ग्रीक प्रांताच्या नावावरून आलेला आहे. आणि कार्ल्याच्या चैत्यगृहातील कित्येक खांबांवर, हा खांब अमक्या यवनाचे दान, असे लेख कोरलेले आहेत. त्या यवनांची नावे मात्र बहुतेक आपल्यासारखीच आहेत! मातोश्री मुलांच्या सहली तेथे नेत, तेव्हा ते लेख त्यांना आवर्जून दाखवीत. "ज्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या डोंगरात येऊन खांब दिला, त्यांच्या घरी एकदा तरी जाऊन यावे," असे त्या हसत म्हणत.

मातोश्रींचे वय ७४. आजन्म शाकाहार, अंडेही वर्ज्य. तेव्हा जेवणाची चिंता आम्हांस होती, पण फार नव्हती. कारण मांसाशनाचा त्याग शिकविणारा युरोपातील आद्य आचार्य पायथागोरस हा सामोस बेटावरचा ग्रीकच. शाकाहारास इंग्रजीत आज जे नाव आहे ते एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. त्यापूर्वी युरोपात निर्मांस आहारास पायथागोरसाचेच नाव देत असत. पुढे प्लुटार्कानेही मांसभक्षणाविरुद्ध निबंध लिहिले. ही झाली जुनी गोष्ट. आजच्या ग्रीसमध्येही जे लोक ऑर्थोडॉक्स चर्चचे सर्व उपवास पाळतात, त्यांचे वर्षातील जवळजवळ निम्मे दिवस मांस, दूध व अंडी यांवाचून जातात. त्यांतला मोठा उपवास ईस्टरपूर्वीचा; आणि आम्ही नेमके त्याच दिवसांत अथेन्सला पोहोचलो होतो. पंढरपुरास एकादशीच्या दिवशी वारकऱ्याला फराळाची काय ददात! आमचे मन असे निर्धास्त होते.

आमचा मुक्काम अक्रोपोलिसच्या पायथ्याशी प्लाका नावाच्या जुन्या वस्तीत होता. अरुंद चढते रस्ते, पायऱ्यांवर मांडलेली मेजे, द्राक्षवेलींचे मांडव, आणि मान वर केली की पार्थेनॉनचे खांब. शोभेला कोठेच उणे नाही. मुक्कामापासून चार पावलांवर एक उपाहारगृह होते. त्याचे नाव आम्ही देत नाही. एकाची फजिती करणे हा येथे हेतू नाही. दाराशी एक गोड बोलणारा गृहस्थ उभा असे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या चेहऱ्यावरून देश ओळखून त्याच्या भाषेत त्यास बोलावी. आम्हांस त्याने हात जोडून "नमस्ते" केले. मातोश्रींस इतका आनंद झाला की पुढे जाण्याचा प्रश्नच उरला नाही.

संध्याकाळचे सात वाजले होते. ग्रीक लोक रात्री नऊ-दहाच्या पूर्वी सहसा जेवावयास बसत नाहीत. म्हणून आसपासच्या मेजांवर एकही ग्रीक नव्हता, सगळे आमच्यासारखेच परदेशस्थ. पदार्थांची यादी सहा भाषांत आणि रंगीत चित्रांसह होती. मागितल्यावाचून पाव आला. तो कालचा होता, आणि बिलात त्याचे माणशी दोन युरो लागले. या आकारास तेथे 'कुवेर' म्हणतात आणि तो ग्रीसमध्ये सर्वत्र रूढ आहे. त्याविषयी तक्रार नाही, तक्रार पावाविषयी. गावठी पद्धतीची म्हणून जी कोशिंबीर ते लोक करतात तीत टोमॅटो, काकडी, कांदा, ऑलिव्ह आणि वर फेटा चीजची वडी असते. कोबीचा वा पालेभाजीचा चुरा नसतो. आमच्या ताटलीत तोच चुरा निम्म्याहून अधिक होता, आणि टोमॅटो फिके व कडक होते. 'फावा' म्हणजे पिवळ्या डाळीचे घोटलेले घट्ट वरण. सांतोरिनी बेटाची ही डाळ प्रसिद्ध आहे. त्यावर कांदा व ऑलिव्ह तेल घालून खातात. आपल्या माणसाला याहून ओळखीचा पदार्थ कोणता? पण आमच्या पुढ्यात आले ते पाण्यासारखे होते आणि त्यास डब्याचा वास येत होता. पुतण्याने सांगितले की, ग्रीक लोकांना कित्येक पदार्थ कोमटच आवडतात. म्हणून थंडपणा आम्ही दोषांत धरला नाही.

आमच्या पत्नीची कपाळावरची आठी पाहून मातोश्री म्हणाल्या, "सूनबाई, एखाद्या दिवशी आपल्याकडेही वरण लागते. गर्दीचे दिवस आहेत त्यांचे." पाहुण्याने यजमानाची बाजू घ्यावी, हा आपल्या घरातील जुना शिष्टाचार त्यांनी परमुलखातही पाळला. दुसऱ्या दिवशी अक्रोपोलिसच्या पायऱ्या चढून-उतरून त्यांचे गुडघे दुखू लागले, आणि लांब चालण्याचे त्राण कोणातच उरले नाही, तेव्हा रात्री पुन्हा तेच दार, आणि पुन्हा तेच "नमस्ते."

त्या रात्री यादीत 'डोलमादाकिया' दिसले. द्राक्षाच्या कोवळ्या पानांत मसाल्याचा भात भरून केलेल्या या लहान पुड्या. अळूवडीच्या माहेरच्या माणसाला त्यांचे आकर्षण वाटावे यात नवल नाही. पुतण्याने वाढप्यास इंग्रजीत विचारले, "यात मांस आहे काय?" तो म्हणाला, "नाही." पुतण्याने पुन्हा विचारले, मांसाचे पाणी, अंडे, काही? तो म्हणाला, "काही नाही, केवळ भात." आमच्या पत्नीने मातोश्रींकडे बोट दाखवून तिसऱ्यांदा तेच विचारले, त्याने छातीवर हात ठेवून मान डोलाविली. पुड्या आल्या त्या गरम, वर फिक्या पिवळ्या रंगाचा रस ओतलेला. मातोश्रींनी एक अर्धी खाल्ली, थांबल्या, आणि ताटलीकडे बघत राहिल्या. पुतण्याने दुसरी फोडून पाहिली. भातात खिमा होता.

बोलावल्यावर वाढपी आला. त्यास आश्चर्य वाटले नाही, खेदही वाटला नाही. खांदे उडवून तो म्हणाला, "आहे, पण अगदी थोडे." मातोश्री काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी पाणी घेतले, ताटली हलकेच बाजूस सारली आणि हात पुसले. बिल म्हणून एका चिठोऱ्यावर पेनाने लिहिलेला आकडा आला. त्यात त्या पुड्याही होत्या. यादीच्या शेवटच्या पानावर, कायदेशीर पावती न मिळाल्यास गिऱ्हाईक पैसे देण्यास बांधील नाही, अशी सूचना छापलेली होती. ही सूचना लावणे ग्रीसमध्ये सक्तीचे आहे. पुतण्याने तीवर बोट ठेवून छापील पावती मागितली. ती आली तेव्हा रक्कम आठ युरोंनी उतरली होती! आम्ही पैसे दिले व उठलो.

मुक्कामी आल्यावर मातोश्री म्हणाल्या, "अरे, नकळत घास गेला त्याचे मला पाप नाही, आणि मी काही प्रायश्चित्त घेत बसणार नाही. पण मी विचारले होते ना? तीनदा विचारले. मग त्याने खरे का सांगू नये? नाही म्हटले असते तर मी पाव खाल्ला असता." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. परंतु ३० वर्षे ज्या शहराविषयी त्यांनी प्रेमाने शिकविले, त्या शहरात एक साधा प्रश्न विचारून खरे उत्तर मिळू नये, याचे दुःख त्यांच्या स्वरात स्पष्ट होते. आणि त्या दुःखाची भरपाई आठ युरोंनी व्हावयाची नव्हती.

या प्रकरणाची गंमत, तिला गंमत म्हणावयाची असल्यास, पुढे कळली. 'डोलमा' हा शब्द तुर्की; त्याचा अर्थ 'भरलेले'. या पुड्यांचे ग्रीसमध्ये दोन प्रकार आहेत. मांसाच्या पुड्या गरम असतात, आणि त्यांवर अंडे व लिंबू फेटून केलेला 'अव्गोलेमोनो' नावाचा रस घालतात. केवळ भाताच्या पुड्या थंड असतात व त्यांवर नुसते लिंबू पिळतात. त्यांचे नाव 'यालान्जी'. हाही शब्द तुर्कीच, आणि त्याचा अर्थ 'लबाड' किंवा 'खोटा'! मांसाचे सोंग आणतात, पण आत मांस नाही, म्हणून त्या खोट्या. म्हणजे जे आमच्या मातोश्रींस हवे होते त्याचे नाव खोटे, पण ते शुद्ध. आणि जे खरे म्हणून मिळाले त्याच्या पाठीमागचा शब्द मात्र खोटा. भाषेने केलेला याहून कडू विनोद आमच्या पाहण्यात नाही.

ज्या जागी हे घडले तेथून थोड्याच अंतरावर प्राचीन अथेन्सचा बाजार, अगोरा, होता. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेला अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथ इजिप्तमधील पपायरसावर सापडून १८९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांचा उल्लेख आहे. ते चिठ्ठ्या टाकून नेमीत. ५ शहरासाठी व ५ पिरेयस बंदरासाठी. विकावयास आणलेला माल शुद्ध व निर्भेळ आहे की नाही, हे पाहणे त्यांचे काम. तेव्हा खोटे बोलून विकणारा प्लाकातील वाढपी हा काही पहिला नव्हे. त्याचे पूर्वज नसते तर अधिकारी कशास नेमावे लागले असते? पण ज्या समाजास त्याची लाज वाटली त्याने बंदोबस्त केला, हेही तितकेच खरे.

आणि ग्रीकांच्या नीतिशास्त्रात अतिथीचे स्थान तर फारच मोठे. त्यांच्या भाषेत 'क्सेनोस' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात : परका आणि पाहुणा. परक्याचा पाहुणा करावयाचा की नाही, हे दार उघडणाराच ठरवितो. देवांचा राजा झ्यूस हा स्वतः अतिथींचा रक्षक मानलेला आहे. होमरच्या ओडिसीत चांगला यजमान कोण आणि वाईट कोण, याचीच जणू परीक्षा पानोपानी चालते. डुकरे राखणारा गरीब युमेयस दारी आलेल्या भिकाऱ्यास आधी खाऊ घालतो, मग नाव विचारतो. तो भिकारी म्हणजे आपलाच धनी हे त्यास ठाऊक नसते. उलट एकाक्ष पॉलिफीमस पाहुण्यांसच खातो, आणि ओडिसियसला देणगी कोणती देतो, तर 'तुला सर्वांच्या शेवटी खाईन'! आजही ग्रीक भाषेत आतिथ्यास 'फिलोक्सेनिया', म्हणजे परक्यावरील प्रेम, असे नाव आहे, आणि हॉटेलच्या नावाचा अर्थही परक्यास सामावून घेणारी जागा असाच होतो.

मग हा शब्द प्लाकाच्या त्या दारात का हरवावा? कारण शोधण्यास फार खोल जावयास नको. ग्रीसची लोकवस्ती सुमारे १ कोटी ४ लाख, आणि अलीकडे एका वर्षात येणारे परदेशी प्रवासी ३ कोटींहून अधिक. एका यजमानामागे तीन पाहुणे, आणि तेही बहुतेक उन्हाळ्यात आणि ठराविक गल्ल्यांत! जो पाहुणा उद्या विमानात बसणार आणि पुन्हा कधी दिसणार नाही, त्याला खरे सांगून फायदा काय, असा हिशेब दाराशी उभ्या असलेल्या माणसाने केला तर त्यास व्यवहार म्हणतात. रोजचा शेजारी हा व्यापाऱ्याचा खरा तपासनीस. तो गेला, की परका पाहुणा राहत नाही; गिऱ्हाईक होतो.

पण साऱ्या अथेन्सवर हा शिक्का मारणे अन्यायाचे होईल. तिसऱ्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी झाडलोट करणाऱ्या बाईस पुतण्याने विचारले, की तुम्ही स्वतः कोठे जेवता? तिने हसून एका गल्लीचे नाव सांगितले. तेथे 'मागिरियो', म्हणजे सकाळी शिजवून दुपारी संपविणारी एक लहानशी खानावळ होती. चित्रे नाहीत, दाराशी कोणी नाही, मेजांवर सगळी गावची माणसे. जेवणाऱ्याने आत जाऊन पातेल्यांत पाहावे आणि बोटाने दाखवावे, ही ग्रीसमधील जुनी रीत तेथे चालू होती. पुतण्याने एकच ग्रीक शब्द शिकून ठेवला होता : 'निस्तीसिमो', उपवासाला चालणारे. पातेल्यांमागे उभ्या असलेल्या वृद्ध बाईने मातोश्रींकडे पाहिले, पळी हातात घेतली आणि एकेक झाकण उघडले. टोमॅटोच्या रसात शिजविलेले मोठे पांढरे घेवड्याचे दाणे : मान होकारार्थी. तेलात शिजविलेली भेंडी : होकारार्थी. पालक घातलेला भात : होकारार्थी. भरलेले टोमॅटो दिसावयास सर्वांत सुरेख होते आणि मातोश्रींचे बोट तिकडेच गेले. पण बाईने एक फोडून आतला खिमा दाखविला आणि जोराने "ओखी," म्हणजे नाही, असे म्हणून झाकण लावून टाकले. पुढच्या पातेल्यात उपवासाला चालणारे माखले मासे होते. त्यांकडे बोट दाखवून तिने स्वतःच पुतण्यास खुणेने विचारले, हे चालते काय? नाही म्हटल्यावर तेही झाकले.

तेलावरच्या या भाज्यांना तेथे 'लादेरा' म्हणतात. त्या दिवशी आम्ही चौघे पोटभर जेवलो. शेवटी बाईने मागितल्यावाचून एक बशी आणून ठेवली, आणि बिलात तिचे पैसे लावले नाहीत. बशीत रव्याचा 'हालवास' होता. उपवासाचा म्हणून तुपाऐवजी तेलात भाजलेला, दालचिनी-लवंग घातलेला, साच्यात पाडलेला. मातोश्रींनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "अरे, हा तर शिरा!" प्रमाण विचारल्यावर बाईने बोटांवर मोजून दाखविले : तेल १ वाटी, रवा २ वाट्या, साखर ३ वाट्या, पाणी ४ वाट्या. रवा तेलात लाल होईतो भाजावा, उकळता पाक सांभाळून ओतावा, घट्ट होताच साच्यात काढून निवू द्यावा. आमच्या भगिनीवर्गाने करून पाहण्यास हरकत नाही.

ग्रीसला जाणाऱ्या शाकाहारी कुटुंबांनी दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जेथे गावची माणसे जेवतात तेथे त्यांच्या वेळेस जावे. 'मांस नाही ना' असे विचारण्याऐवजी 'निस्तीसिमो' हा शब्द वापरावा, कारण त्यामागे तेथील लोकांचा स्वतःचा धर्म उभा आहे. मात्र कोळंबी, माखले, शिंपले त्या उपवासास चालतात, आणि त्या दिवसांत माशांच्या अंड्यांची 'तारामोसलाता' ही चटणीही खातात. ते वेगळे विचारून घ्यावे. द्राक्षपानाच्या पुड्या घ्यावयाच्या तर 'यालान्जी' मागाव्यात, आणि त्या गरम आल्या तर हात लावू नये.

परंतु या साऱ्यातून आमच्या मनात उरला तो दुसराच विचार. त्या वृद्ध बाईचे आतिथ्य हालव्याच्या बशीत होते खरे, पण त्याहून ते तिच्या 'नाही' या शब्दात अधिक होते. आपल्याजवळचा सर्वांत सुरेख पदार्थ पाहुण्यास चालणार नाही हे ओळखून त्यावर झाकण ठेवणे, हे पंचपक्वान्ने वाढण्याहून अवघड काम आहे. अतिथीस देव मानावे असे तैत्तिरीय उपनिषद सांगते, आणि ते आपण पाहुण्यास आग्रह करकरून वाढण्यापुरतेच बहुधा समजतो. आज आपल्याही गावांत परदेशची, परप्रांतांची माणसे येतात. त्यांतील कोणी विचारतो, या भाजीत शेंगदाण्याचे कूट आहे काय? मला सोसत नाही. आणि आपल्या खानावळीतून, कधी आपल्या माजघरातूनही, उत्तर जाते, "छे हो, अगदी थोडे!" शेंगदाणे न सोसणाऱ्या कित्येकांच्या बाबतीत ते 'थोडे' प्राणावर बेतू शकते, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. कोणाचा प्रश्न धर्माचा असेल, कोणाचा प्रकृतीचा, कोणाचा नुसत्या आवडीचा. त्याचे कारण तपासण्याचा अधिकार वाढणाऱ्यास नाही. त्याच्या हाती पळी आहे, आणि खाणाऱ्याच्या हाती विश्वासावाचून काही नाही. त्या विश्वासास जो जागतो त्याच्या दारी परका पाहुणा होतो. जो जागत नाही त्याच्या दारी, कितीही गोड "नमस्ते" म्हटले तरी, गिऱ्हाईकच राहतो.